…आणि त्याची बायको, चार पेन्स

लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डला गेले होते. बाळ अजून महिन्याचंही झालं नव्हतं तेव्हा शेजारच्या वॉकरबाई बघायला आल्या. हातात स्वतः विणलेलं पिवळं टोपडं, अंगाला लॅव्हेंडरच्या साबणाचा वास आणि तोंडी ते यॉर्कशायरचं 'लव'. तिकडे हा शब्द सगळ्यांना लागू. बसचा ड्रायव्हर तिकीट देताना मला 'लव' म्हणाला, तेव्हा मी उगाच पदर सावरला होता. चहा झाला, बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर चर्चा झाली, आणि मग बाईंनी विचारलं, तुमच्या आडनावाचा अर्थ काय हो? पोस्टमन एकदा माझं पाकीट त्यांच्याकडे टाकून गेला होता. त्यावरचं 'कुंभोजकर' वाचून त्यांनी म्हणे घरी उच्चाराचा सरावही केला होता. मी सांगितलं, कुंभोज हे कोल्हापूरकडचं एक गाव, आणि 'कर' म्हणजे तिथले. त्यांना ते फार आवडलं. मग रीतीप्रमाणे मीही विचारलं, तुमच्या नावाचा? बाई हसल्या. "आमच्या नावाला कसला आलाय अर्थ! असेल कुणीतरी खूप चालणारा." टोपडं बाळाच्या डोक्यावर ठेवून पाहिलं, ते डोळ्यांवर आलं, तेव्हा "मावेल मावेल, वाढतं अंग आहे" असं काहीतरी म्हणत त्या गेल्या.

ते उत्तर मला काही पचलं नाही. चालतात तर सगळेच. ज्या काळात घोडा म्हणजे बड्या लोकांची चैन, त्या काळात अख्खं गाव पायीच हिंडणार. मग त्यातल्या एकालाच 'चालणारा' कोण म्हणेल? माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख कचेरीत गेली. वारसांची नावं चढवायची, मयतांची कमी करायची, नकला द्यायच्या. त्या टेबलावर एक गोष्ट फार लवकर कळते. कागदावरचं नाव माणसानं स्वतः सांगितलेलं असतं असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते लिहिणाऱ्याला जे ऐकू आलं आणि त्याला जे सोयीचं पडलं, ते असतं. गावात चार बापू असले की एक जण कागदावर 'बापू थोरला' होतो. तो थोरला मरून माती झाला तरी त्याच्या नातवाच्या उताऱ्यावर 'थोरला' बसलेलाच असतो, आणि नातू असतो घरात सगळ्यांत धाकटा. त्यामुळे नाव दिसलं की माझं पहिलं लक्ष अर्थाकडे जात नाही. हे लिहिलं कुणी, आणि कशासाठी, इकडे जातं.

वॉकरचं कोडं सुटलं ते गोल्करला. हडर्सफील्डच्या पश्चिमेला कोल्न नदीचं खोरं आहे. दोन्ही अंगांना काळपट दगडाची घरं डोंगराला चिकटून वर चढत गेलेली, खाली नदी, कालवा आणि बंद पडलेल्या गिरण्यांची धुराडी. एका गावाचं नाव पाटीवर स्लेथवेट आणि लोकांच्या तोंडात स्लॉविट. म्हणजे कागदाचं आणि जिभेचं भांडण इथेही आहेच. गोल्करला विणकरांच्या जुन्या घरांत तिथल्याच लोकांनी चालवलेलं म्युझियम आहे. अरुंद जिन्यानं वर गेलं की मागाची खोली. एका भिंतीला ओळीनं खिडक्याच खिडक्या, कारण माग उजेडावर चालायचा आणि त्या मुलुखात उजेड तोलूनमापूनच मिळतो. लोकरीच्या तेलकट वासानं खोली भरलेली. तिथल्या एका वयस्कर स्वयंसेवकानं मागावरून उतरलेला कापडाचा तुकडा माझ्या हातात दिला. खरखरीत, विरळ, बोट घातलं तर पलीकडून दिसेल. तो म्हणाला, हे अजून कापड नाही, याला आधी चालवून घ्यावं लागतं.

म्हणजे काय, तर मागावरची लोकर तुपट असते. ती धुऊन, आक्रसवून, दाट करायची. त्यासाठी मोठ्या टपात कापड घालायचं, त्यावर एक विशिष्ट माती टाकायची आणि शिळी लघवी ओतायची, कारण शिळ्या लघवीतला अमोनिया हा तुपटपणा काढतो. घरोघरची भांडी त्यासाठी गोळा होत. मग चड्डी वर खोचून एक माणूस त्या टपात उतरायचा आणि तासन् तास कापड तुडवायचा. चालायचा, चालायचा आणि तिथल्या तिथेच असायचा. तोच वॉकर. सांगताना त्या गृहस्थानं बुटासकट पाय उचलून जागच्या जागी पावलं टाकून दाखवली. आमच्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देताना पाहिलेली होती, त्यामुळे लोकरीला मागानंतरही बरंच सोसावं लागतं हे ठाऊक होतं. पण हा टप मनात आला आणि नाकाला पदर लावावासा वाटला. नंतर ते कापड चौकटींवर आकड्यांनी ताणून टेकड्यांवर वाळत टाकायचे. गंमत अशी की बाराव्या-तेराव्या शतकापासून नदीकाठी पाणचक्क्या आल्या आणि तुडवायचं काम लाकडी हातोडे करू लागले. पाय टपातून केव्हाच बाहेर आले. नाव मात्र आत अडकून राहिलं.

हेच काम करणाऱ्याला इंग्लंडच्या दक्षिणेला आणि पूर्वेला फुलर म्हणत, नैर्ऋत्येला डेव्हन-कॉर्नवॉलकडे टकर आणि उत्तरेला वॉकर. धंदा एक, टप एक, वास एक, नावं तीन. आजही एखादा टकर भेटला तर त्याचे पूर्वज साधारण कुठल्या बाजूचे ते सांगता येतं. कापडानं या देशाला आडनावांचं सबंध ताटच वाढून दिलंय: विणणारा वेब किंवा वेब्स्टर, रंगवणारा डायर आणि उत्तरेकडचा लिस्टर, कातरणारा शर्मन, शिवणारा टेलर. यातल्या वेब्स्टरच्या शेपटाकडे मी जरा जास्त वेळ बघत बसले. 'स्टर' हा जुन्या इंग्रजीत बाईमाणसाला लागणारा प्रत्यय. वेब्स्टर मुळात विणणारी, बॅक्स्टर भाजणारी, ब्रूस्टर दारू गाळणारी. पुढे उत्तरेकडे पुरुषांनाही तीच नावं लागू झाली आणि बायका त्यातून कधी उठून गेल्या ते कळलंही नाही. बसून विणल्या त्या, शब्दकोशावर नाव पुरुषाचं आलं.

वॉकरबाईंना हे सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. नव्वदीला टेकलेली, दाराची पितळी कडी रोज घासणारी बाई. तिला कुठल्या तोंडानं सांगायचं की तुमचे पूर्वज दुसऱ्यांच्या लघवीत उभे असायचे? शेवटी कुंपणापाशी सांगून टाकलं. बाई क्षणभर गप्प. मग इतक्या हसल्या की त्यांना कुंपण धरावं लागलं. म्हणाल्या, हे नाव माझं नाहीच मुळी, नवऱ्याचं. त्याची आई मला सांगायची, आमच्या घराण्यात आल्येस, तर जरा नीटनेटकं राहायला शीक.

सासवा कुठेही जा.

नंतर लेकीनं मला लॅपटॉपवर एक यादी काढून दिली. बाळ झोपलं की मी ती वाचत बसे. १३७९ साली इंग्लंडच्या राजानं डोईपट्टी बसवली, तेव्हाची याच भागाची, वेस्ट रायडिंगची यादी. गावागणिक, माणसागणिक. लॅटिन मला येत नाही, पण कारकुनाचं लॅटिन कळायला फार विद्या लागत नाही. तोच तोच मजकूर खाली खाली येत राहतो. योहान्नेस अमुक आणि त्याची बायको, चार पेन्स. विलेल्मस तमुक आणि त्याची बायको, चार पेन्स. जोडप्याला मिळून चार पेन्स, सर्वांत खालचा दर. कारागीर, व्यापारी असेल तर जास्त. बायकोला नाव नाही, नवऱ्याच्या मागे एक शेपूट म्हणून ती येते. पण दोन-चार ओळी खाली एकदम एखादी अ‍ॅग्नेस, एखादी अ‍ॅलिस सबंध नावानिशी उभी राहते. पाहिलं तर ती विधवा असते किंवा बिनलग्नाची. कर भरायला दुसरं कुणी नाही, म्हणून तिचं नाव. मी इतके उतारे लिहिले, पण सरकारला बाईचं नाव नेमकं केव्हा आठवतं ते इतक्या स्वच्छ अक्षरात कुठे पाहिलं नव्हतं.

ही यादी वाचताना आडनावं ओली आहेत हे जाणवतं. काहींची बसली आहेत, काहींची अजून बसायची आहेत. कुणी 'रॉबर्टचा मुलगा', कुणी 'मॅथ्यूचा माणूस', म्हणजे मॅथ्यूकडचा गडी. हा गडी पुढे मॅथ्यूमन झाला. त्याची नातवंडं-पतवंडं मालक झाली असतील, तरी मॅथ्यूमनच. १०६६ साली नॉर्मन आले, त्यांच्या सरदारांनी आपापल्या फ्रान्सातल्या गावांची नावं लावली, पर्सी, मॉन्टगोमेरी वगैरे. ती जहागिरीबरोबर मुलाकडे जायची. जमीन वारशानं जाते तिथे नावही जातं, यात मला नवल नाही. पण ज्याच्याकडे ढेकूळभर जमीन नाही त्याला वारशाचं आडनाव कशाला हवं होतं? त्याला नव्हतंच हवं. ते हवं होतं लिहिणाऱ्याला. त्या काळात जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस एवढ्या पाच नावांत इंग्लंडातले निम्म्याहून जास्त पुरुष बसत. वेकफील्डच्या जहागिरीचे न्यायनिवाडे १२७४ पासून कातड्यावर लिहिलेले आहेत. कुणाचं डुक्कर कुणाच्या रानात शिरलं, कुणी परवानगीशिवाय लाकूड तोडलं. दंड कुठल्या जॉनकडून वसूल करायचा? ओढ्यावरचा जॉन, लोहाराचा जॉन, लाल केसांचा जॉन. दक्षिणेकडे चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांची नावं अशी पक्की झाली, उत्तरेला आणखी शंभरेक वर्षं लागली. १४१३ साली तर कायदाच झाला की दावा लावताना प्रतिवादीचा हुद्दा किंवा धंदा आणि गाव लिहायलाच हवं, कारण एकाच्या गुन्ह्यात दुसराच जॉन अडकत होता. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलनं प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा-लग्न-दफनाची वही ठेवायला लावली, तेव्हा लोकांना पहिली शंका आली ती नव्या कराची. शहाणे लोक.

आणि ही नावं ठेवण्यामागे एक साधा हिशोब दिसतो. जे सगळ्यांत असतं ते नावात येत नाही. स्मिथ इतके का? लोहार फार होते म्हणून नव्हे, तर गावात लोहार एकच असायचा आणि गाव मात्र हजारो होती. नांगर धरणारे सगळेच, तेव्हा नांगरावरून कुणाला ओळखणार? गावाचंही तसंच. यॉर्कमध्ये राहणाऱ्याला कुणी यॉर्क म्हणत नव्हतं. यॉर्क सोडून दुसरीकडे गेला की मग तो यॉर्क. कुंभोजात राहिलेल्याला तरी कुंभोजकर कोण म्हणालं असतं? आम्ही कधीतरी कुंभोज सोडलं, एवढीच खरी बातमी माझ्या आडनावात आहे. का सोडलं, दुष्काळात की भाऊबंदकीत, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

या सगळ्या वाचनात ह्यांची आठवण फार यायची. इंग्रजी आडनावं माझ्या कानावर पहिल्यांदा पडली ती ह्यांच्या ट्रान्झिस्टरमधून. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर इंग्लंडशी जुबिली कसोटी झाली, तेव्हा हे रजा काढून घरी कानाला रेडिओ लावून बसले होते. बोथमनं शतकही ठोकलं आणि तेरा बळीही घेतले. इंग्लंडचे पाच गडी अठ्ठावन्नात गेलेले, आणि टेलरला पंचांनी बाद दिलं असताना आपल्या कर्णधार विश्वनाथनं, म्हणजे विशीनं, त्याला परत बोलावलं. मग बोथम आणि टेलरनं १७१ धावांची भागी केली. हे आठवडाभर विशीवर चिडून होते आणि आठवडाभर त्याचंच कौतुक सांगत होते. आता मला कळतं की त्या जोडीतला एक शिंपी आणि दुसरा खोऱ्याच्या तळात राहणारा. बोथम म्हणजे 'बॉटम', दरीचा तळ. याच भागात रॅम्सबॉटम, हिगिनबॉटम, साइडबॉटम अशी तळातली पुष्कळ नावं आहेत. शाळेत पोरं पुढे काय काय जोडत असतील त्याची कल्पना करावी. काही घराण्यांनी म्हणे स्पेलिंगमध्ये एक 'एच' घुसवून अब्रू झाकली. ह्यांना हे सांगता आलं असतं तर पुढचे दोन दिवस घरात दुसरा विषय निघाला नसता.

डोईपट्टीवरून आणखी एक. १३७९ नंतर दोनच वर्षांनी पुन्हा पट्टी आली, तीही तिपटीनं, डोक्यामागे बारा पेन्स. आणि शेतकरी उठले. त्यांचा म्होरक्या वॉट टायलर, म्हणजे छपरावर कौलं चढवणारा. लंडनच्या स्मिथफील्डवर त्याला मारलं. सहाशे वर्षांनी इंग्लंडात पुन्हा डोईपट्टी बसली, १९९० साली लंडनच्या रस्त्यांवर पुन्हा दंगल झाली, आणि या खेपेला पट्टी बसवणाऱ्या पंतप्रधानबाईंचं आडनाव थॅचर, म्हणजे छपरावर गवत शाकारणारा. तेही सासरचं, माहेरच्या त्या रॉबर्ट्स.

लेकीच्या घराजवळ पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा दगडी स्तंभ आहे. बाबागाडी घेऊन मी रोज तिथवर जायची. त्यावरची नावं वाचत गेलं की माणसांची यादी वाचतोय की आसपासचा नकाशा, असं होतं. हर्स्ट म्हणजे झाडीची टेकडी, आर्मिटेज म्हणजे कुणा संन्याशाची कुटी, साइक्स म्हणजे दलदलीतून वाहणारा ओहोळ. साइक्स तर एकाखाली एक. ओहोळ तर डोंगराच्या प्रत्येक घळीत, तेव्हा हे आडनाव ठिकठिकाणी वेगवेगळं उगवलं असणार असंच सगळे धरून चालले होते. २००० साली ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स नावाचे जनुकशास्त्रज्ञ आपल्याच आडनावाच्या मागे लागले. यॉर्कशायर आणि शेजारच्या परगण्यांतल्या साइक्स पुरुषांना पत्रं पाठवून त्यांनी गालाच्या आतले नमुने मागवले. बापाकडून मुलाकडे जाणारं गुणसूत्र तपासलं, तर जवळजवळ निम्म्या लोकांचं तंतोतंत जुळलं. एकमेकांना न ओळखणारी ही माणसं सातशे वर्षांपूर्वीच्या कुणा एका ओहोळवाल्याची निघाली.

बातम्यांना भावला तो हा जुळणारा अर्धा भाग. माझं मन दुसऱ्या अर्ध्यापाशी घोटाळलं. कुठे दत्तक, कुठे सासऱ्याच्या घरी राहून त्याचं नाव घेतलेला जावई, आणि कुठे जे कुणी कुणाला सांगितलं नाही ते. ब्रायन साइक्सनी हिशोब मांडला होता की पिढीमागे सुमारे १.३ टक्के एवढं घडलं तरी सातशे वर्षांत निम्मं रक्त बदलायला पुरतं. म्हणजे शंभरांत एखादी बाई. ती बाई कुठल्याच यादीत नाही, आणि तिनं आडनावालाही धक्का लागू दिला नाही. नांदती राहिली, पोरं साइक्स म्हणून वाढवली.

त्याच स्तंभावर डायसनही आहेत. व्हॅक्यूम क्लीनरवर असतं तेच नाव. मला वाटलं होतं 'डाय' म्हणजे रंग, कापडाचा मुलूख आहे, सरळ आहे. पण तसं नाही. डाय हे डायोनिसिया या बाईच्या नावाचं लाडकं रूप. पलीकडच्याच लिंथवेट गावात चौदाव्या शतकात ही डायोनिसिया होती आणि तिचा मुलगा जॉन कागदावर 'डायचा मुलगा' असा आला. नवरा लवकर गेला असेल, कदाचित बाईच खमकी असेल. काहीही असो, दंड भरायला गावात ती ओळखीची होती, तो नव्हता. माटिल्डाचे टिलट्सन, मार्गारेटचे मेग्सन, मेरीचे मॅरियट अशी आणखीही आहेत. पुरुषांच्या रानात मधूनच उगवलेली ही आयांची नावं मला शोधायचा नादच लागला. पेपरात कुणाचं नाव वाचलं की मी लेकीला विचारायची, हा आईचा की बापाचा? ती म्हणायची, आई, झोप आता.

बाळंतपण केलं त्या सुईणीचं नाव मार्शल. उंच, काळीसावळी, हात इतके उबदार की बाळ तिच्याकडे गेलं की रडायचं थांबे. तिची आजी कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या कॅरिअकू बेटावरून आलेली. हडर्सफील्डला त्या चिमुकल्या बेटाची पुष्कळ माणसं आहेत. मार्शल म्हणजे मूळचा घोड्यांची निगा राखणारा, पुढे राजदरबारात त्याचा मोठा हुद्दा झाला. क्रिकेटवाला माल्कम मार्शलही तिकडचाच, बार्बाडोस बेटाचा, याची मला आठवण झाली आणि मी नव्या विद्येच्या भरात तिला तिच्या नावाचा अर्थ सांगितला. ती बाळाचा दुपटा बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "तो ज्याचं नाव होतं त्याच्या नावाचा अर्थ. आमचं काय नाव होतं ते कुणाला माहीत?"

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ग्रेनाडा आणि तिच्या बेटांवरच्या गुलामांच्या १८१७ पासूनच्या नोंदी लंडनला पाठवल्या जात. अशा नोंदींत पुष्कळांना एकच नाव, आणि तेही सीझर, पॉम्पी असं थट्टेनं ठेवल्यासारखं. १८३८ साली सुटका झाली तेव्हा आडनाव लागणार म्हटल्यावर कुणाला मालकाचं चिकटलं, कुणी मळ्याच्या मुकादमाचं घेतलं, कुणी पाद्र्याचं. त्या आडनावातून मागे चालत गेलं तर आपण पोचतो एखाद्या इंग्रजाच्या तबेल्यात, आणि तिथे आपलं कुणी नसतं. यादी तीच, कारकून त्याच देशाचे. पण १३७९ च्या कारकुनानं निदान माणसाकडे बघून त्याचा ओहोळ किंवा टप लिहिला होता.

लंडनला दोन दिवस गेलो तेव्हा ब्रन्स्विक स्क्वेअरचं फाउंडलिंग म्युझियम मी हट्टानं पाहिलं. थॉमस कोरम नावाच्या कप्तानानं रस्त्यावर टाकलेली पोरं बघून सतरा वर्षं खेटे घातले आणि १७३९ मध्ये राजाकडून अनाथालयाची सनद मिळवली. १७४१ पासून पोरं घ्यायला सुरुवात झाली. आई पोर ठेवून जायची, कारकून फॉर्मवर अंगावरच्या कपड्यांचं वर्णन लिहायचा आणि बऱ्याचदा कापडाचा एक तुकडा कापून टाचणीनं फॉर्मला लावायचा. पुढे कधी आई परत आली तर ओळख पटावी म्हणून. ते तुकडे अजून आहेत. फुलाफुलांचं चीट, लाल रिबीन, कुणी मुद्दाम भरतकाम करून अर्धं कापलेलं. रंग इतके ताजे की बोट लावावंसं वाटतं. १७६० पर्यंत सोळा हजारांवर पोरं आली. त्यांतली आयांनी परत नेली ती १५२.

आत आल्यावर पोराचं पहिलं नाव पुसून नवं ठेवत. पहिल्या मुलाचं थॉमस कोरम, मुलीचं युनिस कोरम, म्हणजे संस्थापकाचं आणि त्याच्या बायकोचं. मग विश्वस्तांची, सरदारांची नावं देऊन झाली. पण ही पोरं मोठी होऊन, आम्ही तुमचेच नातलग, असं सांगू लागली तेव्हा ती मंडळी बिचकली. मग मेलेली माणसं वापरायला काढली: चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन, बेकन. मेलेले सरदार हरकत घेत नाहीत आणि कवी तर जिवंतपणीही घेत नाहीत. कुणी विल्यम शेक्सपिअर म्हणून शेतावर कामाला गेला असेल, मालकाच्या शिव्या खाल्ल्या असतील.

स्वतःचं आडनाव निवांतपणे बसून निवडायची सोय या देशात एका घराण्याला मात्र होती. १९१७ च्या उन्हाळ्यात गोथा नावाची जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकत होती आणि राजघराण्याचं नाव होतं साक्स-कोबर्ग-गोथा. पंचम जॉर्जनं जुलैत फतवा काढला, आजपासून आम्ही विंडसर. राजवाड्याचं गाव म्हणून. अगदी कुंभोजकर पद्धत, फक्त हे गाव न सोडता लावलेलं. खरं तर इंग्लंडच्या कायद्यात नाव बदलायची मुभा सगळ्यांनाच आहे, फसवायचा हेतू नसला म्हणजे झालं. पण सातशे वर्षं टप वागवलेला माणूस सहसा ते करत नाही. वॉकरबाईंना मी गमतीनं विचारलं, तर म्हणाल्या, आता तर मुळीच बदलणार नाही.

बाळाची जन्मनोंद तिकडे बेचाळीस दिवसांच्या आत करावी लागते. घरात त्यावरून बरीच खडाजंगी झाली. जावई पोतदार. पूर्वी पोतदार नाणी पारखायचे, हे खिशात एक नाणं न ठेवता फोननं पैसे देतात. त्यांचं म्हणणं, रीतीप्रमाणे मधलं नाव वडिलांचं. लेक म्हणाली, मधलं नाव माझं. जावयांच्या आईचा व्हिडिओ कॉल झाला, माझं मत विचारलं गेलं. मी लिंथवेटच्या डायोनिसियाची हकिगत सांगायला घेतली, तेव्हा दोघंही एकदम म्हणाले, नको नको, तुम्ही बाळ धरा. शेवटी जावई हसून कबूल झाले.

कचेरीत टेबलापलीकडे तिशीतली एक मुलगी बसली होती. तिनं अक्षर अक्षर विचारून घेतलं आणि मग स्क्रीन आमच्याकडे वळवला. म्हणाली, सही करण्याआधी नीट वाचून घ्या, एकदा झालं की दुरुस्तीला फार खटपट पडते. लेक आणि जावई वरवर बघून "ठीक आहे" म्हणून मोकळे झाले. मी पर्समधून चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. पोतदारमध्ये 'टी' नंतर 'डी' च्या जागी पुन्हा 'टी' पडला होता.